हिरवे काटे, पोटात पिल्लं: आल्मुटर नावाच्या माशाबद्दल

प्रश्न असा आहे. प्रश्नकर्ते डेन्मार्कमधल्या आर्हूस शहरात राहतात. नोव्हेंबरात मित्रासोबत धक्क्यावर गळ टाकून बसले होते, तेव्हा वामेच्या पिल्लासारखे दिसणारे, वीतभर लांबीचे दोन बुळबुळीत मासे लागले. भारतातून आलेल्या आईंनी ते साफ करायला घेतले. एकाचं पोट फुगलेलं, म्हणून गाभोळी फुटू नये अशा बेताने चिरलं, तर आतून डोळे असलेली पिल्लं निघाली, एकदोन तर हलत होती. दुसरा मासा तळला, तर त्याचे काटे हिरवेगार. सगळं कचऱ्यात गेलं. आता त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: मासा विषारी आहे का, हिरवा रंग प्रदूषणामुळे आला का, आणि ती पिल्लं पाण्यात सोडली असती तर जगली असती का.

तिन्ही उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे आईंचा जीव भांड्यात पडेल. विषारी नाही. रंग प्रदूषणाचा नाही. पिल्लं बहुधा जगली नसती.

तुम्ही काटे बघून घाबरलात. मी तिथे असते तर काटे बाजूला सारून पिल्लं मोजायला बसले असते. मी मूळची देवगडची, पण गेली सोळा वर्षं बाल्टिक समुद्राच्या जर्मन किनाऱ्यावर किनारी पाण्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवण्याचं काम करते, आणि त्या कामातला बराच भाग म्हणजे दर वर्षी पानगळीच्या दिवसांत याच माशाच्या माद्यांची पोटं उघडून आतली पोरं मोजणं. तेव्हा उत्तर जरा लांबणार, हे धरून चाला.

आधी नाव. तुम्हाला मिळाला त्याला डॅनिशमध्ये ऑलेक्वाबे म्हणतात, स्वीडिशमध्ये टाँगलाके, आणि आमच्याकडे जर्मनमध्ये आल्मुटर, म्हणजे ‘ईलची आई’. नॉर्वेवाले त्याला ईलची बायको करून टाकतात. एस्टोनियात तो एमाकाला, शब्दशः आईमासा. ही नावं उगाच पडलेली नाहीत. ईल, म्हणजे नदीतली ती लांब वाम, हिची अंडी किंवा तान्ही पिल्लं युरोपात कोणी कधी पाहिलेलीच नव्हती. मग किनाऱ्यावरच्या लोकांना हा दुसरा मासा दिसला: अंग ईलसारखं, आणि पोटात सापासारखी वळवळणारी पिल्लं. झालं, ईलची आई सापडली! शेकडो वर्षं हा समज चालला.

गंमत अशी की ईलचं खरं जन्मस्थान ज्याने शोधलं, त्या डॅनिश योहानेस श्मिटने आल्मुटरवरही काही वर्षं घालवली. कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत तो काम करायचा. ईलची अगदी लहान, पानासारखी पारदर्शक पिल्लं माग काढत काढत तो अटलांटिक पार करून सारगासो समुद्रापर्यंत पोचला आणि १९२२ साली त्याने ते मांडलं. त्याआधी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, तो डेन्मार्कच्या खाड्यांमधून आल्मुटर गोळा करून त्यांच्या पाठीचे मणके मोजत होता. हजारो मासे. एका माशात शंभराहून जास्त मणके असतात, म्हणजे किती मोजले असतील याचा विचार करा. त्याला दिसलं ते असं: खाडीच्या तोंडाशी पकडलेल्या माशांत मणके सरासरीने जास्त, आणि आत आत जावं तसे कमी. एकाच खाडीत. म्हणजे हा मासा तोंडाकडून आत आणि आतून तोंडाकडे फारसा फिरतच नाही, जिथे जन्मला तिथल्याच दगडांत आयुष्य काढतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावर उभं आहे.

आता ओळख पटवून घ्या, कारण यात कायद्याचा प्रश्न आहे. युरोपीय ईल आज नामशेष व्हायच्या टोकावर आहे आणि युरोपीय संघाच्या समुद्रात हौशी मासेमारांना ती पकडायला २०२३ पासून बंदी आहे. तुमच्या गळाला ईल लागली तर ती लगेच सोडायची. फरक सोपा आहे. मासा उलटा करा आणि गळ्याखाली बघा. आल्मुटरला तिथे, बाजूच्या मोठ्या परांच्याही पुढे, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे असे दोन बारीक पर असतात. ईलला ते नसतातच. शिवाय आल्मुटरचे ओठ जाड, तोंड जरासं रुसल्यासारखं, आणि पाठीवरचा लांब पर शेपटीच्या थोडं आधी एकदम बसका होतो, जणू तिथे कोणी चिमटा काढून तुकडा तोडलाय. त्या बसक्या जागेवर बोट फिरवलं तर बारीक काटे लागतात. आणखी एक याच दगडांत राहणारा, पट्टीसारखा चपटा मासा आहे; त्याच्या पाठीवर पराच्या मुळाशी पांढऱ्या कडेचे काळे ठिपके ओळीने असतात, दहाबारा. तसे ठिपके असतील तर तो वेगळा, खाण्यात अर्थ नाही, सोडून द्या.

काट्यांबद्दल. हाडांमधला तो हिरवा रंग बिलिव्हर्डिन नावाच्या रंगद्रव्याचा. हे काही परकं रसायन नव्हे, तुमच्या-माझ्या अंगातही तयार होतं. मुका मार लागला की जागा आधी काळीनिळी पडते, मग हिरवट, मग पिवळी. त्यातला तो हिरवटपणा याचाच. रक्तातलं हिमोग्लोबिन मोडलं की ते तयार होतं. बहुतेक प्राणी ते पुढे बदलून बाहेर टाकतात, आल्मुटरच्या हाडांत ते साठून राहतं. का साठतं, यावर प्रयोगशाळेतल्या गप्पांत खूप बुद्धी खर्च झालीय, मी त्यात पडत नाही. फार काळ लोक म्हणत की हा लोहाच्या फॉस्फेटचा, व्हिव्हियानाइट नावाच्या खनिजाचा रंग आहे, जुन्या पुस्तकांत तसं लिहिलेलंही सापडेल. २०१३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी हाडांतून रंग काढून तपासला आणि तो बिलिव्हर्डिन निघाला.

त्याच अभ्यासात दुसरा मासा होता तो लांब चोचीचा, डेन्मार्कमध्ये ज्याला हॉर्नफिस्क म्हणतात. मे महिन्यात तुमच्याच धक्क्यावर त्याची झुंबड असते, आणि डॅनिश लोक हिरवे काटे बाजूला काढून आरामात खातात. आपल्याकडचा टोळ त्याचाच भाऊबंद. देवगडला टोळ खाल्लेल्या कोणालाही विचारा, हिरवे काटे त्याने पाहिलेले असतात. आईंना एवढं सांगितलंत तरी पुरे, बाकी रसायनशास्त्राची गरज पडणार नाही.

आता पोटाकडे येऊ.

पोटात पिल्लं वाढवणारे मासे आपल्याला नवे नाहीत. मुशी (मालवणकडे मोरी) कापताना आत पोरं निघतात, हे कोळणींना शाळेत शिकवावं लागत नाही. पण मुशी हाडाचा मासा नव्हे, तिचा सांगाडा कूर्चेचा. खऱ्या हाडाच्या माशांत अशी रीत कमी, आणि थंड समुद्राच्या तळाशी राहणाऱ्यांत आणखी कमी. आल्मुटरचं वेळापत्रक साधारण असं: मीलन ऑगस्ट-सप्टेंबरात, अंडी आतच फळतात, तीनचार आठवड्यांत आतच फुटतात, आणि त्यानंतरही पिल्लं बाहेर येत नाहीत. थेट डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात गार पाण्यात, प्रसूती. तोवर पिल्लू चार-पाच सेंटिमीटरचं, आईची हुबेहूब नक्कल, आणि जन्मताच तळाशी जाऊन दगडाखाली शिरतं. बहुतेक समुद्री माशांची पोरं आधी पाण्यात तरंगत, प्रवाहाबरोबर कुठल्या कुठे जातात, हिची नाही. आई जिथे, लेकरं तिथे. मादी लहान असेल तर तीसएक, मोठी असेल तर दोनशे-तीनशे, कधी चारशेपर्यंत.

मग अंड्यातला बलक संपल्यावर मधले तीन-चार महिने ती खातात काय? मादीच्या पोटात बीजकोश, म्हणजे अंडाशय, एकच असतो, पिशवीसारखा, आणि तो रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला. पिल्लं त्यातल्या द्रवात बुडून असतात. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं की बीजकोशाच्या भिंतीवरून आत लोंबणाऱ्या बारीक गाठींना पिल्लं तोंड लावतात आणि चोखतात. मासा, आणि आईच्या अंगावर पिणारं पोर! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मग त्यात काय, आई आहे ना ती.’ संशोधनाची एवढी थोडक्यात वासलात कोणी लावली नसेल.

म्हणूनच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला मी ‘बहुधा नाही’ म्हटलं. नोव्हेंबरातलं पिल्लू डोळे-कल्ले-शेपूट सगळं असलेलं दिसतं, पण ते अजून दोनेक महिने आईच्या आतल्या द्रवावर आणि तिने पोचवलेल्या प्राणवायूवर जगणारं असतं. तो द्रव क्षारांच्या बाबतीत आईच्या रक्तासारखा, समुद्राच्या पाण्यासारखा नव्हे. पूर्ण दिवस भरलेलं पिल्लू तो बदल सोसतं. अर्ध्यात काढलेलं सोसत नाही. मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला ठाऊक नव्हतं.

आमच्या टेबलावर हे कसं दिसतं ते सांगते. ऑक्टोबरची अखेर किंवा नोव्हेंबरचा मध्य. आदल्या संध्याकाळी तळाशी कड्यांची, नळीसारखी जाळी लावलेली असतात, मासा आत शिरतो आणि परतीचा रस्ता सापडत नाही. सकाळी साडेसातला इथे काळोखच. जाळं वर घेताना हातमोज्यात पाणी शिरतं आणि बोटं कोणाची आहेत ते कळेनासं होतं. शंख, खेकडे, शेवाळाचे लोंढे, आणि त्यांच्यात आल्मुटर. हातात धरला तर मनगटाला विळखा घालतो. मादी आधी मारायची, डोक्यावर एकच नेमका घाव. त्यात चालढकल केली तर मासाही हाल होऊन मरतो आणि यकृतातली मापंही बिघडतात. मग लांबी, वजन, यकृताचं वजन, कानातली बारीक खडीसारखी हाडं, ज्यांवरच्या वलयांवरून वय कळतं. आणि शेवटी बीजकोश.

बीजकोशाची भिंत ओल्या पतंगाच्या कागदासारखी. कात्रीचं टोक लावलं की पोरं स्वतःहून बाहेर सांडतात, चपट्या काचेच्या ताटलीत, खारवलेल्या पाण्यात. गेल्या मोसमातली एक मादी मला आठवते: चौऱ्याण्णव पिल्लं. ताटलीत जणू काडेपेटी सांडली, आणि काड्या हलू लागल्या. खाली काळा कागद ठेवला की प्रत्येकाच्या कण्याची रेघ दिसते. आता वर्गवारी. नीट वाढलेली एका बाजूला. लवकर मेलेली, दीड सेंटिमीटरच्या आतली, पांढरट पडलेली. उशिरा मेलेली, त्याहून मोठी. जिवंत पण खुरटलेली, भावंडांच्या निम्मी. आणि व्यंग असलेली: कणा स्प्रिंगसारखा वळलेला, एक डोळा नसलेला, क्वचित एकाच धडाला दोन डोकी. त्या चौऱ्याण्णवात एक कणा वाकडा निघाला. एवढं कुठेही असतं, स्वच्छ पाण्यातही. एका मादीच्या पोटात वाकड्यांची रांग लागली आणि शेजारच्या मादीच्याही पोटात तेच दिसलं, की मग आम्ही एकमेकांकडे बघतो.

हे सगळं या माशावरच का करतात, ते आता कळेल. तो जागा सोडत नाही, म्हणून त्याच्या अंगात जे आहे ते त्याच खाडीतलं. तो तळाशी राहून शंख-शिंपले, झिंगे, किडे खातो, आणि तळाच्या गाळातच बहुतेक घाण साठते. पोरं आईच्या पोटात असल्यामुळे कोणत्या आईची कोणती हे शोधत बसावं लागत नाही, आणि आईच्या रक्तात जे फिरतं ते पोरांपर्यंत पोचतं. स्वीडन, डेन्मार्क, जर्मनी या देशांत बाल्टिक आणि उत्तर समुद्राच्या निरीक्षणात तो म्हणूनच आहे. जर्मनीत तर पर्यावरणाची एक नमुना-पेढीच आहे, १९८५ पासून चालू. उत्तर समुद्र आणि बाल्टिकच्या किनाऱ्यावरचे आल्मुटर, त्यांचं मांस आणि यकृत, उणे दीडशे अंशांच्याही खाली द्रव नायट्रोजनच्या वाफेत जपून ठेवतात. कल्पना अशी की उद्या एखादं नवं रसायन गाजू लागलं, तर जुन्या वर्षांचा मासा काढून बघता यावा, ते तेव्हाही होतं का.

एक उदाहरण देते, कारण माझ्या क्षेत्रात आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी हेच सांगते. स्वीडनच्या बाल्टिक किनाऱ्यावर कागदासाठी लाकडाचा लगदा करणारा एक कारखाना होता. त्याच्या सांडपाण्याजवळच्या माद्यांच्या पोटातली पिल्लं तपासली, तर त्यांत नर जास्त. एरवी निम्मे-निम्मे असतात. या वयात लिंग कसं कळतं? सूक्ष्मदर्शकाखाली पोट उघडून: मादीत एकच गोलसर बीजकोश, नरात दोन बारीक दोरे. डोळे फुटायची वेळ येते, पण कळतं. हे २०००मध्ये छापून आलं. मग कारखाना काही काळ बंद राहिला. त्या मोसमातल्या पिल्लांचं प्रमाण पुन्हा निम्म्या-निम्म्यावर आलं, आणि कारखाना सुरू झाल्यावर पुन्हा नरांकडे झुकलं. २००२मध्ये तेही छापलं गेलं. निसर्गात असा प्रयोग मुद्दाम करता येत नाही. इथे तो आपोआप घडला आणि मोजणारी माणसं तिथे हजर होती. लगद्याच्या सांडपाण्यात नर-संप्रेरकासारखं काम करणारं काहीतरी असावं, असा त्यांचा निष्कर्ष होता. उलट दिशेचीही उदाहरणं आहेत: बाल्टिकच्या जर्मन बाजूला काही नरांच्या वृषणात अंड्यांच्या पेशी सापडल्या होत्या.

पण इथे मी स्वतःच ब्रेक लावते. मेलेली आणि वाकडी पिल्लं दिसली की लगेच ‘रसायन!’ म्हणून ओरडणारे लोक माझ्या धंद्यात आहेत, आणि ते मला अजिबात आवडत नाहीत. कारण दुसरा आरोपी तितकाच तगडा आहे: प्राणवायूचा तुटवडा. डेन्मार्कच्या खाड्यांत शेतातलं खत वाहून येतं, शेवाळ माजतं, मरून तळाशी बसतं, आणि ते कुजताना तळाचा प्राणवायू संपवतं. हे नेमकं उन्हाळा संपता संपता, म्हणजे आल्मुटरच्या गरोदरपणाच्या सुरुवातीला. २००२ची पानगळ त्या बाबतीत डेन्मार्कमध्ये फार वाईट गेली होती, तळाला मेलेल्या माशांचा खच पडला होता. गाभण मादीला दोन जिवांचा नव्हे, दीडशे जिवांचा श्वास घ्यायचा असतो. प्राणवायू कमी पडला की आधी पोरं जातात. म्हणून आम्ही मासे उघडण्याच्या आधी त्या मोसमाची तळाच्या पाण्याची नोंद काढून बसतो. ती नोंद नसेल तर वाकड्या कण्यांचा आकडा मी अहवालात टाकू देत नाही. त्यावरून भांडणं झाली आहेत, आणि होतील.

तिसरा आरोपी ऊन. आल्मुटरचं घर इंग्लिश खाडीपासून नॉर्वेच्या किनाऱ्याने वर रशियाच्या पांढऱ्या समुद्रापर्यंत, आणि बाल्टिकभर. जर्मनीच्या उत्तर समुद्राचा उथळ किनारा त्याच्या दक्षिण टोकाजवळ येतो. तिथे कडक उन्हाळ्यानंतर या माशांची संख्या घटते, हे २००७ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं. कारण सांगायला सोपं आहे: पाणी तापलं की शरीराला प्राणवायू जास्त लागतो, पाण्यात तो कमी विरघळतो, आणि हृदय-कल्ले मागणी पुरवू शकत नाहीत. मासा उकडून मरत नाही, त्याच्या फार आधी त्याचा दम संपतो. मोठ्या माशांचा आधी संपतो.

थंडीची मात्र त्याला फिकीर नाही. बहुतेक हाडाच्या माशांचं रक्त उणे ०.७ अंशाच्या आसपास गोठतं. पुऱ्या खाऱ्या समुद्राचं पाणी उणे १.९ला. मधल्या पट्ट्यात उथळ पाण्यात राहिलेला मासा आतून गोठायला हवा. आल्मुटरच्या रक्तात हिवाळ्यात एक प्रथिन वाढतं, जे बर्फाच्या बारीक स्फटिकाला चिकटून त्याला मोठा होऊ देत नाही. त्याचा अमेरिकन चुलतभाऊ, जो अंडी घालतो आणि त्यांच्याभोवती वेटोळं करून राखण करतो, त्याच्या अशाच प्रथिनाची नक्कल यीस्टकडून तयार करून घेऊन आइस्क्रीममध्ये वापरायला युरोपीय संघाने २००९ साली परवानगी दिली, म्हणजे आइस्क्रीम करकरीत होऊ नये. त्यात मासा नसतो, शाकाहारी वाचकांनी ‘बाटलो’ म्हणून कपाळाला हात लावू नये. त्याच भाऊबंदाच्या जनुकातला एक ‘बटणाचा’ भाग अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालेल्या, भराभर वाढणाऱ्या सामन (सॅल्मन) माशात बसवलेला आहे. एवढ्याशा बुळबुळीत प्राण्याच्या खानदानाने बाजारात बराच शिरकाव केलाय.

तुम्ही आर्हूसचे म्हणून एक गोष्ट राहवत नाही. १९७०च्या दशकात तुमच्याच शहरातल्या विद्यापीठात क्रिस्टियानसेन आणि फ्रीडेनबर्ग या दोघांनी आल्मुटरच्या गाभण माद्या आणि त्यांच्या पोटातली पिल्लं यांची प्रथिनं शेजारी शेजारी तपासली. आईच्या प्रथिनाचा प्रकार ठाऊक, पिल्लाचा ठाऊक, म्हणजे बापाकडून काय आलं तेही निघतं, बाप समोर नसला तरी. मग प्रौढ माशांतल्या प्रमाणाशी ताडून बघता येतं की नैसर्गिक निवड नेमकी कुठल्या टप्प्यावर होते: जगण्यात, जोडीदार मिळवण्यात की आणखी कुठे. आनुवंशिकतेच्या अभ्यासक्रमात हे काम अजून शिकवतात. आईंनी चिरलेलं पोट त्यांनी टेबलावर घेतलं असतं तर आनंदाने घेतलं असतं.

राहता राहिलं खाणं. खाण्याजोगा आहे, मांस पांढरं, चरबी कमी, चवीला सौम्य. लाटवियात धूर देऊन लोक आवडीने खातात. पण दोन अटी. मोठ्या व्यापारी बंदराच्या आतल्या बाजूचा, गोदीजवळचा नको. वर सांगितलंच आहे, तो तिथून हलत नाही. तळाच्या गाळात जे आहे ते त्याच्यात आहे. बंदरापासून दूर, मोकळ्या दगडी किनाऱ्यावरचा घ्या. दुसरं, ऑगस्टच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत पोट फुगलेली मादी लागली तर गळ हळूच सोडवून परत पाण्यात टाका. जागा न सोडणाऱ्या माशाच्या दीडशे पोरांची जागा बाहेरून येऊन कोणी भरत नाही. एप्रिल ते जून उत्तम, माद्या मोकळ्या असतात आणि पाणी तापलेलं नसतं; उन्हाळा चढला की ते खोल पाण्यात जातात आणि धक्क्यावरून हाती लागत नाहीत. मासेमारीचा सरकारी परवाना काढला नसेल तर आधी तो काढा, धक्क्यावर तपासणी होते.

करायचं कसं ते आईंना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी: खवले अगदी बारीक, कातडीत रुतलेले, ते खरवडत बसू नका. जाड मीठ आणि थोडं तांदळाचं पीठ लावून बुळबुळ चोळून काढा, वामेची काढतो तशी, किंवा डोक्याशी कातडी कापून मोज्यासारखी ओढून काढा. दोन बोटांच्या तुकड्या, हळद-मीठ-आगळ, अर्धा तास. रव्यात घोळवून तळा. कालवण करायचं तर नारळाच्या वाटपात तिरफळं ठेचून टाका, मांस सौम्य असल्यामुळे ती छान उठतात. तुकडी शिजली की काटा हिरवा दिसेल. पाहुणे डॅनिश असतील तर काही बोलायची गरज नाही. पुण्याचे असतील तर आधी सांगून ठेवा.